काल चपखल बसलेलं झाकण आज का अडकतं? कातलेल्या पहिल्या लाकडी डबीची दुरुस्ती

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवत कातायच्या यंत्रावर, असताना सगळं ठीक होतं. झाकण हलक्या दाबाने बसत होतं, काढताना ‘टप्’ असा आवाजही येत होता. डबी उतरवली, पॉलिश झालं, फळीवर ठेवली. आणि आता झाकण निघता निघत नाही. जोर लावून काढलं तर परत बसत नाही. किंवा एका ठरावीक जागीच बसतं आणि जरा फिरवलं की रुततं. झाकणाची डबी पहिल्यांदाच कातणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. पहिली डबी सुटली तर दुसरी हमखास सापडते.

यावर बहुतेक जण दोन गोष्टी करतात. एक तर पॉलिशपेपर घेऊन जोड घासतात, नाहीतर पुढच्या वेळी आणखी अचूक मोजू म्हणून चांगला डिजिटल कॅलिपर आणतात. घासल्यावर झाकण सुटतं खरं, पण हवा बदलली की तेच झाकण खुळखुळायला लागतं. कॅलिपरने तर काहीच बदलत नाही, कारण माप आधीही बरोबरच घेतलं होतं. ते घ्यायची घाई झाली होती. लाकूड अजून हलत होतं.

पुढे जाण्याआधी एक शब्द ठरवून घेऊ. डबीच्या खालच्या भागाला तोंडाशी जी अरुंद, उभी कडा काढतो आणि जिच्यावर झाकण बसतं, तिला मी गळा म्हणतो. काही जण तिला टेनन म्हणतात, पण चकमध्ये, म्हणजे लेथच्या लाकूड पकडणाऱ्या जबड्यांत, धरायच्या टोकालाही टेननच म्हणतात आणि मग वाचणाऱ्याची पंचाईत होते.

आधी झाकण फिरवून बघा

पॉलिशपेपर खाली ठेवा. झाकण अडकण्याची कारणं चार-पाच आहेत, प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि कोणतं कारण आहे ते झाकण स्वतःच सांगतं.

लाकडाच्या बाहेरच्या रेषा झाकणावरून खालच्या भागावर सरळ उतरतील अशा जुळवा आणि जोडावरून पेन्सिलची एक उभी खूण करा. मग झाकण काढून पाव फेरी फिरवून बसवा, मग अर्धी, मग पाऊण.

खुणेवर आणि अर्ध्या फेरीवर बसतं, पण पाव आणि पाऊण फेरीवर अडकतं, असं असेल तर दोन्ही भाग लंबगोल झालेत. निम्म्याहून जास्त डब्यांचं दुखणं हेच असावं असा माझा अंदाज आहे, म्हणून खाली त्यावरच जास्त लिहिलं आहे.

कसंही फिरवा, सगळीकडे सारखंच घट्ट लागतं? मग गळा फुगला आहे किंवा त्यावर पॉलिशचा थर चढला आहे. सगळीकडे सहज बसतं पण बसल्यावर डुगडुगतं, तर गळा किंवा झाकणाची आतली भिंत सरळ नाही, निमुळती आहे. छान बसतं, पण जोडावरून नख फिरवलं की एका बाजूला पायरी लागते आणि झाकण फिरवलं की पायरी वाढते किंवा कमी होते, तर दोष चकमध्ये पुन्हा धरण्यात आहे. आणि दाबून बसवलेलं झाकण हळूच वर येत असेल तर आत हवा कोंडली आहे.

एकाच डबीत दोन दोषही असू शकतात. तरी लंबगोल आधी तपासा, कारण तो असेपर्यंत बाकीचं काही दुरुस्त करून टिकत नाही.

गोल कातलं, लंबगोल झालं

लाकूड ओल गमावताना आकसतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. तंतूंच्या लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्यापासून सालीच्या दिशेने थोडं आकसतं, आणि वार्षिक वलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट. सागाचं उदाहरण घ्या. साग हे फार न हलणाऱ्या, शहाण्या लाकडांपैकी. तरीही पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत तो गाभा-साल दिशेने सुमारे 2.5 टक्के आणि वलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो.

आता तुमच्या गळ्याचा व्यास 45 मिमी आहे आणि कातताना लाकडात 18 टक्के ओल होती असं धरू. घरातल्या कोरड्या हवेत ती 10 टक्क्यांवर आली. लाकडाचं आकसणं साधारण 30 टक्के ओलीच्या खाली सुरू होतं, त्या हिशेबाने एका दिशेला व्यास 0.3 मिमीने कमी होईल आणि दुसऱ्या दिशेला 0.7 मिमीने. म्हणजे 45 मिमीचं वर्तुळ राहिलंच नाही. एका अंगाने 44.7, दुसऱ्या अंगाने 44.3. झाकणाचं तोंडही असंच लंबगोल झालेलं असतं. रेषा जुळवून बसवलं की दोन लंबगोल एकमेकांत बसतात, पाव फेरी फिरवलं की झाकणाची अरुंद बाजू गळ्याच्या रुंद बाजूवर येते. चपखल जोडात सगळी मिळून 0.1 मिमीची मोकळीक असते. तिथे 0.4 मिमीचा फरक कुठून मावणार?

यात भर म्हणजे झाकण आणि खालचा भाग एकाच वेगाने सुकत नाहीत. झाकण लहान असतं, त्याच्या भिंती पातळ असतात, आणि त्याच्या माथ्यावर तंतूंची कापलेली टोकं उघडी असतात. तिथून ओल बाजूच्या भिंतीपेक्षा कितीतरी पट वेगाने निघून जाते. त्यामुळे पहिले काही दिवस झाकण पुढे आणि बूड मागे अशी शर्यत चालते. अशा वेळी झाकण रेषा जुळवूनही बसत नाही. ते पाहून घाबरून गळा कापलात, तर बूड मागाहून सुकल्यावर तोच जोड सैल होतो. खुळखुळणाऱ्या डब्यांपैकी बऱ्याच अशाच घाईतून आलेल्या असतात.

‘पण मी वाळलेलं लाकूड वापरलं होतं’ हे लगेच ऐकू येतं. वाळलेलं म्हणजे किती? हवेची सापेक्ष आर्द्रता 50 टक्के आणि तापमान पंचविशीच्या पुढे असेल तर लाकूड साधारण 9 टक्के ओलीवर स्थिर होतं. आर्द्रता 80 टक्के झाली की तेच लाकूड 16 टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे उघड्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेला ठोकळा त्या शेडपुरता वाळलेला असतो. शिवाय भट्टीत सुकवलेल्या लाकडातही ताण दडलेले असतात. बाहेरचा आणि आतला भाग एकमेकांना ओढून धरत असतात. तुम्ही मधला भाग कोरून काढलात की ती ओढाताण सुटते आणि उरलेली नळी तासाभरात, कधी रातोरात, आकार बदलते. ओल मोजणारं यंत्र हे दाखवत नाही.

कोरायचं, आणि मग सोडून द्यायचं

उपाय जुना आहे, फक्त कंटाळवाणा आहे. डबी दोन टप्प्यांत काता. पहिल्या टप्प्यात ठोकळा गोल करा, दोन्ही टोकांना चकसाठी टेनन काढा, पातळ पार्टिंग टूलने झाकण वेगळं करा आणि दोन्ही भाग आतून ओबडधोबड कोरा. 60 ते 70 मिमी व्यासाच्या डबीला शेवटी 3 ते 4 मिमीची भिंत हवी असेल तर आत्ता 7 ते 8 मिमी ठेवा. गळ्याच्या जागीही भरपूर लाकूड राहू द्या. मग दोन्ही भाग लेथवरून उतरवा आणि विसरून जा.

किती दिवस? इथे दिवसांपेक्षा वजनाचा काटा उपयोगी पडतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. दोन्ही भागांवर पेन्सिलने वजन आणि तारीख लिहा आणि काही दिवसांनी पुन्हा तोला. वजन आठवडाभर घटलं नाही, फक्त हवेप्रमाणे एखादा ग्रॅम मागेपुढे झालं, की लाकूड तयार आहे. चांगल्या वाळलेल्या लाकडालाही ताण सुटण्यासाठी किमान एक रात्र द्या, चार-पाच दिवस दिले तर उत्तम. ओलसर लाकडाला महिने लागतात आणि ते कागदी पिशवीत ठेवलेलं बरं, म्हणजे एकदम सुकून तडा जाणार नाही. टोचून ओल मोजणारी यंत्रं एवढ्या लहान तुकड्यात फारशी कामाची नाहीत. मी काट्यावरच विश्वास ठेवतो.

ठोकळा निवडताना गाभ्याचा मधला ठिपका आत येऊ देऊ नका. तो आत असलेली डबी लंबगोल होऊन थांबत नाही, फुटते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: व्हिडिओत तर अर्ध्या तासात ठोकळ्यापासून डबी होते आणि झाकण टपकन निघतं. निघतंच. पण ते त्याच मिनिटाला टिपलेलं असतं. तीच डबी दोन ऋतूंनंतर कॅमेऱ्यासमोर कोण आणतं?

गरम जोडावर माप घेऊ नका

लाकूड स्थिर असूनही झाकण दुसऱ्या दिवशी सगळीकडून सारखंच घट्ट झालं, तर उष्णतेवर संशय घ्या. पॉलिशपेपर दाबून धरला की लाकूड हाताला चटका बसेल इतकं तापतं. वरचा थर ओल गमावतो आणि तात्पुरता आकसतो. त्याच अवस्थेत गळा झाकणाला जुळवलात तर रात्रीतून तो हवेतली ओल परत घेतो आणि फुगतो. बोथट फोर्स्टनर ड्रिलनेही (सपाट तळाचं रुंद भोक पाडणाऱ्या) हेच होतं, वर आत बारीक चिरा पडतात त्या वेगळ्याच. ड्रिलचा वेग मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आसपास ठेवा, दर थोड्या खोलीला बाहेर काढून भुसा झाडा, आणि बुडापर्यंत न जाता 4-5 मिमी आधी थांबा, म्हणजे ड्रिलच्या टोकाची खूण नंतरच्या कापात निघून जाईल.

जोडाचा शेवटचा काप घेण्याआधी डबी हाताला गार लागली पाहिजे. लेथ बंद करून जरा वेळ दुसरं काम करा. धार लावा. तिची गरज असतेच.

गळा कापण्याची रीत

झाकण आधी, गळा नंतर. आतला व्यास मोजणं आणि बदलणं अवघड, बाहेरचा सोपा. म्हणून झाकणाचं तोंड पूर्ण करायचं आणि गळा त्याला जुळवायचा. उलट केलंत तर झाकणाच्या आत हात आखडून कापत बसावं लागेल.

झाकणाची आतली भिंत सरळ आहे का ते कॅलिपरच्या आतल्या टोकांनी दोन ठिकाणी तपासा, एकदा तोंडाशी आणि एकदा गळा जिथवर जाणार तिथे. दोन्ही आकडे एकच यायला हवेत. तोंडाशी जास्त आला तर झाकण कडेवरच अडेल आणि आत डुगडुगेल. चौकोनी टोकाचा स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) यासाठी चांगला, पण आत वापरताना त्याची धार मध्यरेषेच्या किंचित वर ठेवा, म्हणजे तो रुतत नाही. आणि कोरताना गाऊजचा (पन्हळीसारख्या धारेच्या हत्याराचा) काप मधून कडेकडे न्या. तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतात तेव्हा लाकूड त्याच दिशेने स्वच्छ कापलं जातं. कडेकडून मध्याकडे आलात की तंतू उचकटतात आणि भिंत खडबडीत होते. खडबडीत भिंतीवर घेतलेलं माप फसवं असतं, कारण उंचवटे दोन-चार वेळा झाकण लावून-काढून घासले जातात.

गळ्याची लांबी 45 मिमी व्यासाला 8 ते 10 मिमी पुरते. लांब गळा शहाणपणाचा वाटतो, पण जितका लांब तितकी घट्ट-सैलची कटकट जास्त.

आता मुख्य काप. गळा सुरुवातीला मुद्दाम थोडा निमुळता ठेवा, टोकाशी बारीक आणि खांद्याकडे, म्हणजे गळा जिथे डबीच्या भिंतीला मिळतो तिथे, जाड. लेथ पूर्ण थांबवून झाकण टोकावर ठेवा, हलकं दाबून हाताने थोडं फिरवा आणि काढा. जिथे झाकण घासलं तिथे गळ्यावर एक चकचकीत पट्टी दिसेल. तो व्यास म्हणजे तुमचं माप. कॅलिपरपेक्षा हे माप खरं, कारण ते प्रत्यक्ष झाकणाने घेतलेलं आहे. त्या पट्टीपासून खांद्यापर्यंतचं लाकूड तेवढ्याच व्यासावर सरळ आणा. इथे नवशिके एक हिशेब विसरतात: हत्यार 0.1 मिमी आत गेलं की व्यास 0.2 मिमीने कमी होतो. शेवटी शेवटी काप इतका पातळ हवा की ढलपी न पडता धूळच पडेल. आणि चालू लेथवर झाकण लावून बघायचा मोह टाळा. बोटं अडकतात, झाकण उडतं.

पहिली बसणी घट्टच हवी, हाताने पिळून काढावी लागेल इतकी. याचं कारण पुढच्या पायरीत आहे. झाकण लावलेली डबी एकच वस्तू समजून बाहेरून कातायची आणि घासायची असते, तेव्हा झाकण फक्त या घट्टपणावर टिकतं. जोडीला टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या भागाचा) आधार घ्या, मध्ये चामड्याचा किंवा रबराचा तुकडा ठेवून. झाकणाचा माथा पूर्ण झाला की मगच गळा सैल करायचा. जे आधीच सैल करतात त्यांचं झाकण माथा कातताना गरगरतं आणि हातातून जातं. असं झालंच असेल तर गळ्यावर टिश्यू पेपरचा एक पदर किंवा मास्किंग टेपची एक फेरी लावून काम पुरं करता येतं.

शेवटी किती सैल? माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या चार-पाच डब्यांना ‘टप्’ आवाजाचा नाद सोडा. एका हाताने झाकण उचललं की बूड टेबलावरच राहिलं पाहिजे, एवढी मोकळीक ठेवा. दमट हवेत तीच डबी बरोबर बसेल. कोरड्या दिवसांत आवाज देणारी डबी दमट दिवसांत बंदच होते.

बाकीचे दोष

जोडावर पायरी लागत असेल तर चकमध्ये पुन्हा धरताना भाग किंचित तिरका बसला होता. टेननचं टोक चकच्या तळाला टेकत असेल तर खांदा जबड्यांवर नीट बसत नाही. टेनन तळापासून 1-2 मिमी आखूड हवं. पहिल्यांदा धरतानाच लाकडावर पहिल्या जबड्यासमोर खूण करा आणि दर वेळी त्याच जागी धरा. तरीही बारीकशी पायरी राहिली तर जोडावर स्क्यूच्या (तिरप्या धारेच्या हत्याराच्या) टोकाने एक उथळ खाच मारा. तिच्या सावलीत ती पायरी दिसत नाही आणि पुढे लाकूड थोडं हललं तरी कळत नाही. अनुभवी कारागीर जोडावर खाच किंवा मणी काढतात त्यामागे नक्षीइतकंच हेही कारण असतं.

झाकण वर येत असेल तर गळा थोडा सैल करा, किंवा त्यावर एक बारीक उभी चर पाडा म्हणजे हवेला वाट मिळेल. बाहेरून जोडात फट दिसत असेल तर खांदा आतल्या बाजूला केसभर खोल कापा, म्हणजे फक्त बाहेरची कड टेकेल.

पॉलिश गळ्यावर लावू नका. लॅकरचे दोन हात दिले की व्यास वाढतो, पाण्यातलं पॉलिश तंतू फुगवतं, आणि तेल पूर्ण सुकण्याआधी झाकण लावलं तर ते चिकटून बसतं. गळ्याला थोडं मेण पुरे. बाकी डबीला चपडा लावा नाहीतर तेल, पण आतून आणि बाहेरून दोन्हीकडे. एकाच बाजूला लावलं तर ओल दुसऱ्या बाजूने येत-जात राहते.

हातात असलेल्या डबीचं काय करायचं

ती लंबगोल झालेली असेल तर आत्ता काहीच करू नका. झाकण उघडं ठेवून दोन्ही भाग सावलीत ठेवा आणि वजन थांबेपर्यंत वाट बघा. बुडाचं टेनन अजून कापलं नसेल तर काम सोपं आहे. पुन्हा चकमध्ये धरा, गळा खऱ्या गोलावर आणा, झाकणाचं तोंडही तसंच गोल करा. म्हणूनच टेनन अगदी शेवटपर्यंत ठेवायचं असतं. ते कापून टाकलं असेल तर टाकाऊ लाकडाचा एक खुंट कातून त्यावर डबी आतून घट्ट बसवा, मागून टेलस्टॉकचा आधार द्या आणि तसाच गळा दुरुस्त करा.

गोल केल्यावर झाकण सैल होणारच. फरक थोडा असेल तर गळ्यावर पातळ सुपरग्लूचे दोन-तीन थर चढवा, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या आणि मग धारदार हत्याराने माप आणा. खिडकी उघडी ठेवा, त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. फरक अर्ध्या मिमीपेक्षा जास्त असेल तर ग्लूच्या भानगडीत पडू नका. जुना गळा पूर्ण कापून काढा, डबीच्या तोंडात आतून बैठक कापा आणि दुसऱ्या गडद लाकडाची कडी कातून तिथे चिकटवा, वरती नव्या गळ्याइतकी उंच राहील अशी. कडी चिकटवताना तिचे तंतूही डबीसारखेच उभे ठेवा आणि वलयांची दिशा डबीच्या वलयांशी जुळवा. आडव्या तंतूंची कडी बसवलीत तर ती डबीच्या विरुद्ध दिशेने आकसेल आणि पुढच्या ऋतूत चिकटवलेला जोडच उघडेल.